चाळीस वर्षांच्या रानाखालची बाग : अल्कट्राझ बेटावरील स्वयंसेवी कामाचा प्रकरण अभ्यास

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले अल्कट्राझ हे बेट तिथल्या तुरुंगामुळे जगभर ओळखले जाते. किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवरचा, अवघ्या २२ एकरांचा हा खडक. अल कपोनसारखे कैदी जिथे डांबले गेले ती जागा. याच खडकावर गुलाबांचे ताटवे होते, अंजिराची झाडे होती, काचेची हरितगृहे होती आणि उभ्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले वाफे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मार्च १९६३ मध्ये तुरुंग बंद झाला, निगा राखणारी माणसे बेट सोडून गेली आणि पुढची चाळीस वर्षे त्या बागांना कोणी वाली उरला नाही. २००३ पासून त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम सुरू झाले आणि त्यातले अंगमेहनतीचे बरेचसे काम स्वयंसेवकांनी केले.

हे प्रकरण निवडण्यामागे कारण आहे. आपल्या गावातली किंवा प्रभागातली ओसाड पडलेली सार्वजनिक बाग पुन्हा फुलवावी असे वाटणारी माणसे कमी नाहीत आणि त्यांचा उत्साहही खोटा नसतो. पण अशी कामे बहुधा भलत्याच टोकाकडून सुरू होतात. पहिल्याच रविवारी कोयते, फावडी घेऊन मंडळी जमतात, दिसेल ते साफ करतात, टेम्पोभर नवी रोपे आणून लावतात, आणि येणाऱ्या वैशाखात तिथे आळ्यांमधून वाळलेल्या काटक्या उभ्या असतात. अल्कट्राझवर कामाचा क्रम उलटा होता. आधी काय शिल्लक आहे ते पाहिले गेले, मग पाण्याचा आणि जागेच्या मर्यादांचा विचार झाला, आणि नवी लागवड सर्वांत शेवटी आली. ते काम टिकले याचे मुख्य कारण हा क्रमच आहे, असे मला वाटते, आणि पुढची मांडणी त्याच अंगाने केली आहे.

बाग कोणाकोणाची होती

अल्कट्राझवर मुळात बाग होण्यासारखे काहीच नव्हते. वालुकाश्माचा खडक, त्यावर समुद्रपक्ष्यांची विष्ठा, सतत वाहणारा खारा वारा आणि गोड्या पाण्याचा एकही झरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी लष्कराने तिथे किल्ला उभारला तेव्हा मातीसुद्धा शेजारच्या एंजल बेटावरून आणावी लागली. त्या आणलेल्या मातीत तिथे राहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांनी आपल्या घरांपुढे त्या काळच्या पद्धतीचे फुलांचे वाफे केले. पुढे किल्ल्याचा लष्करी तुरुंग झाला. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलझाडांच्या हौशी मंडळींच्या एका संस्थेच्या मदतीने उतारांवर झाडे, झुडपे आणि रानफुले लावण्यात आली. लावणारे हात लष्करी कैद्यांचे होते. शहराच्या बाजूच्या उतारावर ‘पर्शियन कार्पेट’ नावाची, मांसल पानांची आणि जमिनीलगत पसरणारी वनस्पती लावली गेली. ती फुलली की उतार गुलाबी होतो.

१९३४ साली बेट संघराज्याच्या तुरुंग खात्याकडे गेले आणि अतिसुरक्षित कारागृह सुरू झाले. वॉर्डन जेम्स जॉन्स्टन यांचे सचिव फ्रेडी रायकेल यांनी लष्करी कुटुंबांनी मागे सोडलेली ती बाग पाहिली आणि ती वाळू द्यायची नाही, असे स्वतःच ठरवले. आपल्या फावल्या वेळात ते झाडांना पाणी घालत, बाहेरच्या जाणकारांना पत्रे लिहून कोरड्या हवेला सोसतील अशी रोपे मागवत. कैद्यांना बागेत काम करू द्यावे यासाठी त्यांनी वॉर्डनकडे पाठपुरावा केला आणि नाखुशीने का होईना, परवानगी मिळाली. स्वयंसेवी काम हा शब्द त्या काळी तिथे कोणी वापरला नसेल, पण या बागेचे पहिले स्वयंसेवक रायकेलच म्हणावे लागतील, कारण ते काम त्यांच्या नोकरीचा भाग नव्हते.

१९४० च्या दशकात पश्चिमेकडच्या उतारावर एलियट मिशनर नावाच्या कैद्याने वर्षानुवर्षे बाग केली. बनावट नोटांच्या गुन्ह्यात तो शिक्षा भोगत होता. व्यायामाच्या अंगणातून खालच्या कारखान्याकडे कामाला जाणाऱ्या कैद्यांची वाट याच उतारावरून जाई, त्यामुळे रोज जाता-येता त्यांच्या नजरेस ती बाग पडे. मिशनरने तिथे वाफे रचले, हरितगृह उभारले, खत घालून नापीक माती कसदार केली. तुरुंगातल्या वातावरणातून मोकळा श्वास घेण्याची जागा म्हणून आपल्याला ती टेकडी किती महत्त्वाची होती, हे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. नंतर पुनरुज्जीवनाच्या वेळी या नोंदींचे मोल केवळ भावनिक राहिले नाही. कोणता वाफा कुठे होता आणि त्यात काय होते, हे समजण्याचे ते साधन ठरले.

म्हणजे ही एकाच मालकाची, एकाच आराखड्याची बाग नव्हती. लष्करी घरांतल्या स्त्रिया, लष्करी कैदी, तुरुंगाचे कर्मचारी, त्यांची कुटुंबे आणि नंतरच्या कारागृहातले कैदी अशा वेगवेगळ्या हातांचे थर एकमेकांवर साचले होते. पुनरुज्जीवन करताना नेमके कोणत्या वर्षाकडे परत जायचे, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच दिवशी समोर आला. त्याचे एकच एक उत्तर शोधण्याचा हट्ट धरला गेला नाही. अधिकाऱ्यांच्या घरांची रांग जिथे होती तिथे घरे केव्हाच पाडली गेली होती. उरलेल्या पायाच्या चौकटींमध्येच फुलांचे वाफे करण्यात आले. पश्चिमेचा उतार मात्र कैद्यांच्या काळातला ठेवला गेला. प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा काळ दिल्यामुळे बागेतून फिरताना बेटाचा इतिहास क्रमाने वाचता येतो.

रानाखाली काय उरले होते

तुरुंग बंद झाल्यानंतरचा काळ बेटासाठी शांत नव्हता. १९६९ ते १९७१ या काळात मूळ अमेरिकी आदिवासी कार्यकर्त्यांनी आपल्या हक्कांसाठी बेट ताब्यात घेतले होते. १९७० च्या आगीत वॉर्डनच्या घरासह काही इमारती जळाल्या आणि त्यानंतर सरकारने आणखी काही पाडल्या. १९७२ साली बेट राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात आले, १९७३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पैसा आणि लक्ष साहजिकच तुरुंगाच्या इमारतीकडे गेले. बागांवर आयव्ही, ब्लॅकबेरी आणि हनीसकल या वेलींनी कब्जा केला. आयव्हीचे वैशिष्ट्य असे की ती जमीन झाकते, भिंती चढते, झाडाच्या खोडाला वेढते आणि तिच्याखाली काय आहे ते दिसेनासे होते. पायऱ्या, कठडे, वाटा, वाफ्यांच्या कडा, सारे काही तिने पोटात घेतले.

आणि तरीही त्या जाळ्याखाली शंभराहून अधिक प्रकारच्या शोभेच्या वनस्पती जिवंत होत्या. चाळीस वर्षे त्यांना कोणी पाणी घातले नव्हते. हे घडले कसे, याचे उत्तर हवामानात आहे. तिथला पाऊस आपल्या उलट: हिवाळ्यात पडतो, आणि उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा जातो. फक्त समुद्रावरून येणारे धुके थोडा ओलावा देते. अशाच किंवा कोरड्या हवामानाच्या प्रदेशांतून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावरून, दक्षिण आफ्रिकेतून, मेक्सिकोतून आलेल्या वनस्पती उरल्या. ज्यांना रोजच्या पाण्याची सवय होती त्या गेल्या. अंजीर, जिरेनियम, फुक्शिया, काही जुने गुलाब, कॅला लिली आणि ग्लॅडिओलसच्या जातीचे कंद, शिवाय आपल्याकडे माळावरच्या बांधांवर दिसणारे घायपातही. कोणत्याही कृषी विद्यापीठाने इतकी दीर्घ आणि इतकी निर्दय चाचणी घेतली नसती. बेटाने ती आपोआप घेतली होती आणि तिचा निकाल जमिनीवर उभा होता. तो वाचायचा की कोयत्याने कापून टाकायचा, एवढाच प्रश्न होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘बार्दू जॉब’ नावाचा गुलाब. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झालेली ही गडद तांबड्या फुलांची जात. १९८९ मध्ये, म्हणजे बागांचे संघटित काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, जुन्या गुलाबांचा शोध घेणारा एक हौशी गट अल्कट्राझवर आला आणि वॉर्डनच्या घराच्या मागच्या बाजूला माजलेल्या झुडपांमध्ये त्यांना हा गुलाब सापडला. त्यांनी काड्या कापून नेल्या, कलमे केली, ओळख पटवली. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये ही जात एके काळी लोकप्रिय होती आणि नंतर दिसेनाशी झाली होती. तिथल्या एका संग्रहालयाला आपल्या बागेसाठी ती हवी होती. २००० साली अल्कट्राझवरच्या झुडपापासून केलेली रोपे वेल्सला पोचली. त्या गटाऐवजी तिथे साफसफाईची एखादी उत्साही तुकडी आली असती, तर ते काटेरी झुडूप दुपारपर्यंत जळणाच्या ढिगात गेले असते.

म्हणूनच २००३ मध्ये काम सुरू झाले तेव्हा त्याचा गाभा मोजदादीचा होता. वेली एकदम उपटल्या गेल्या नाहीत. एका वेळी एक तुकडा घ्यायचा, आयव्हीच्या फांद्या हाताने सोडवत जायचे, खाली झाड लागले की थांबायचे, त्याची नोंद करायची, ओळख पटत नसेल तर ते फुलेपर्यंत वाट पाहायची. कंदांच्या बाबतीत तर वर्षभर थांबल्याशिवाय काही कळतच नाही, कारण सुप्तावस्थेत ते जमिनीखाली असतात आणि वरून जागा रिकामी दिसते. ज्या दिवशी पाहणी केली त्या दिवशी दिसले नाही म्हणून ‘इथे काही नाही’ असे लिहिणे, ही दुर्लक्षित बागेत होणारी सर्वांत महाग चूक आहे. आपल्याकडेही भुईचाफा, मे-फ्लॉवर किंवा हळदीच्या कुळातली झाडे वर्षातला मोठा काळ जमिनीखाली असतात. मार्चमध्ये केलेल्या पाहणीत ती नोंदली जाणार नाहीत आणि फावड्याच्या पहिल्या घावात तुटतील.

जुनी छायाचित्रे हा दुसरा मोठा आधार होता. सैनिकांच्या आणि तुरुंग कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी हौसेने काढलेली छायाचित्रे, ज्यात मुले किंवा पाहुणे पुढे उभे आहेत आणि मागे वाफे दिसतात, ती बागेच्या दृष्टीने अस्सल कागदपत्रे ठरली. आपल्या जुन्या नगरपालिका बागांचीही अशी छायाचित्रे घरोघरच्या अल्बममध्ये पडून असतात, पण ती मागायला सहसा कोणी जात नाही.

बेट ही १९८६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू असल्यामुळे खणण्यावरही बंधने होती. ही बंधने कामाचा वेग कमी करतात, पण त्यांचा एक फायदा झाला: पायऱ्या, कठडे आणि वाफ्यांच्या जुन्या कडा उखडल्या न जाता पुन्हा वापरात आल्या. उभ्या उतारावर मातीला धरून ठेवते ते हे बांधकामच. कठडा ढासळलेला असताना वर लावलेले रोप पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फुलांच्या आधी दगड बसवण्याचे काम झाले. भेट देणाऱ्यांना ते दिसत नाही, आणि देणगीदारांना ते पटवून देणे कठीण जात असावे, पण त्याशिवाय उतारावरची बाग उभीच राहत नाही.

पाणी आणि पक्षी

बेटावर आजही गोडे पाणी बोटीनेच येते. त्यामुळे लागवडीचा आराखडा ठरवताना ‘काय सुंदर दिसेल’ हा प्रश्न आपोआप मागे पडला आणि ‘काय कमी पाण्यात जगेल’ हा पुढे आला. ज्या वनस्पती चाळीस वर्षे तगल्या होत्या त्यांच्याच काड्यांपासून आणि कंदांपासून नवी रोपे केली गेली. नव्याने आणायच्या झाडांसाठीही तोच निकष लावला. पावसाचे पाणी टाक्यांत साठवण्याची सोय झाली. काढलेल्या वेली, छाटलेल्या फांद्या आणि पालापाचोळा बोटीत भरून शहरात नेण्यापेक्षा बेटावरच कुजवून त्याचे कंपोस्ट केले जाऊ लागले. जिथे मातीच मुळात बाहेरून आणलेली, तिथे तण हेच खताचे भांडवल झाले. ज्या वेलींनी बाग गिळली होती त्याच कुजून वाफ्यांत परत आल्या.

पक्ष्यांचा प्रश्न अधिक अवघड होता आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. माणसांनी पाठ फिरवली त्या काळात समुद्रपक्ष्यांनी बेट पुन्हा आपलेसे केले. कुरवांच्या, म्हणजे गल पक्ष्यांच्या, आणि पाणकावळ्यांच्या वसाहती वाढल्या. रातबगळे आणि छोटे पांढरे बगळे माजलेल्या झुडपांमध्ये घरटी करू लागले. बागप्रेमींच्या नजरेला जे निव्वळ रान होते, ते या पक्ष्यांचे घर होते. दोन्ही बाजूंना खरा हक्क होता. एका बाजूला संरक्षित पक्षी, दुसऱ्या बाजूला संरक्षित ऐतिहासिक बाग, आणि दोघांचा मालक एकच, नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था.

यावर वेळेच्या वाटणीचा तोडगा निघाला. पश्चिमेकडचा भाग दरवर्षी साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत पक्ष्यांच्या विणीसाठी बंद असतो. त्या काळात मिशनरच्या उतारावर पर्यटक जात नाहीत, आणि बागकामही पक्ष्यांच्या सोयीने चालते. मोठी छाटणी, झुडपे विरळ करणे, वाफे खणणे ही सगळी धांदल उरलेल्या महिन्यांत उरकावी लागते. वसंतात, म्हणजे फुले ऐन भरात असतात तेव्हा, ती पाहायला तिथे माणसे नसतात. बाग लोकांसाठी करायची आणि तिच्या बहराच्या दिवसांत लोकांनाच येऊ द्यायचे नाही, ही तडजोड सहज पचणारी नाही. पण तिचा परिणाम असा झाला की तिथे लावायची झाडे निवडतानाही शरद आणि हिवाळ्यात काय दिसेल, कोणत्या झाडाला आठ महिने कमी लक्ष पुरेल, हे पाहावे लागले. काही झुडपे घरट्यांसाठी मुद्दाम राखली गेली. आपल्या शहरांतल्या जुन्या बागांमध्ये वडा-पिंपळांवर बगळ्यांच्या किंवा वटवाघळांच्या वसाहती असतात आणि घाण होते म्हणून फांद्या छाटण्याची मागणी रहिवाशांकडून येते. अशा ठिकाणी विणीचा हंगाम टाळून काम करण्याचा लेखी नियम असणे शक्य आहे, हे या उदाहरणातून दिसते.

माणसांची रचना

या कामामागे तीन संस्था होत्या. जमीन आणि अंतिम अधिकार नॅशनल पार्क सर्व्हिसचे. निधी, कर्मचारी आणि स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणारी गोल्डन गेट नॅशनल पार्क्स कॉन्झर्वन्सी. आणि ऐतिहासिक बागांचा अनुभव असलेली गार्डन कॉन्झर्वन्सी, जिने पहिल्या दशकात तांत्रिक मार्गदर्शन केले आणि बाग स्थिरावल्यावर आपला सहभाग आटोपता घेतला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ संस्थेने निघून जाण्याची वेळ ओळखणे हे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे रोजच्या निगराणीची जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता उरली नाही.

स्वयंसेवकांच्या बाबतीत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली म्हणजे त्यांच्यासोबत पगारी माळी होते. संख्येने थोडे, पण कायम. कोणती फांदी कापायची आणि कोणती ठेवायची, हा निर्णय रोज घ्यावा लागतो आणि तो घेणारे माणूस रोज बदलले तर झाडाचे हाल होतात. दुसरी म्हणजे स्वयंसेवक आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येत. एकदाच येऊन जाणारे मोठे गटही येत असत. त्यांना आयव्ही ओढण्यासारखे, दांडगे आणि चूक होण्याची शक्यता कमी असलेले काम दिले जाई. पण गुलाबांची छाटणी, कंदांची विभागणी, हरितगृहातल्या काड्यांची देखभाल ही कामे नियमित येणाऱ्यांकडे राहिली. सकाळच्या बोटीने बेटावर पोचायचे आणि परतीच्या बोटीपर्यंत तिथेच राहायचे, या सक्तीचाही उपयोग झाला असणार. तासाभरात छायाचित्र काढून निघून जाण्याची सोयच नव्हती. पुढे त्यांच्यातले काही जण पर्यटकांना बागा दाखवू लागले. ज्या हातांनी आयव्हीखालून पायऱ्या मोकळ्या केल्या, त्यांच्याच तोंडून त्या बागेची हकिकत ऐकायला मिळणे ही पर्यटकांसाठी मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे श्रमदानाची परंपरा मोठी आहे, पण ते बहुधा एका दिवसाचे, जास्तीत जास्त एका मोहिमेचे असते. बंधारा किंवा रस्ता श्रमदानाने उभा राहू शकतो, कारण तो एकदा बांधला की काही वर्षे उभा राहतो. बागेचे तसे नाही. तिला शंभर माणसांचा एक रविवार फारसा उपयोगी पडत नाही. चार माणसांचे पन्नास रविवार लागतात. महापालिकेची बाग हाती घेऊ इच्छिणाऱ्या रहिवासी मंडळाने म्हणूनच पहिल्या बैठकीत किती जण येणार हे विचारण्यापेक्षा एप्रिल आणि मे महिन्यांत कोण येणार, पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर राहणार आणि माळ्याचा पगार कोण देणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

अल्कट्राझवर सगळे काही परत आणले गेलेले नाही. काही उतार अजूनही वेलींखाली आहेत. तिथे हात घातला तर सांभाळायला माणसे पुरणार नाहीत किंवा पक्ष्यांचा आसरा जाईल, अशा जागा तशाच राहू देण्यात शहाणपण आहे. जे हाती घेतले आहे तिथेही आयव्ही पूर्णपणे गेलेली नाही. तिचे मूळ तुटले तरी तुकड्यातून ती पुन्हा फुटते. त्यामुळे दरवर्षी पश्चिमेचा उतार खुला झाला की जुन्या वाफ्यांच्या कडेने नव्याने उगवलेले तिचे कोंभ वेचणे हे स्वयंसेवकांच्या कामाच्या यादीत असतेच, आणि अंजिराची व गुलाबांची हिवाळी छाटणी त्याच मोजक्या महिन्यांत, पक्षी परतण्याच्या आत, पुरी करावी लागते.